रगाग फाटकाबाहेर आली

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई-वडील दोघंही चळवळीतले. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, फ्रिजवर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी ओळखता यायचे. वर्गातल्या मुलींच्या वह्यांना खाकी कव्हरं असत. माझ्या वह्यांना मागच्या मोर्चाची उरलेली पत्रकं. अशी मी इंजिनिअर झाले आणि वेस्ट बेमधल्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायला कतारमध्ये, दोह्यात आले. बॅगेत कपडे कमी होते, मतं जास्त.

फुटबॉलचा विश्वचषक तोंडावर आला होता. सगळं शहर उकरून ठेवलेलं. सकाळी ज्या वळणावरून ऑफिसला जावं, ते संध्याकाळी नारिंगी अडथळ्यांमागे गेलेलं असायचं. टॅक्सीवाला कपाळाला हात लावून म्हणायचा, "मॅडम, कल तक यहाँ रोड था." मेट्रो मात्र नवी कोरी होती. तिच्या डब्यात आपलीच चप्पल मळकी वाटायची.

मदिनत खलीफातल्या एका व्हिलात वरच्या दोन खोल्या आम्हा दोघींना भाड्याने मिळाल्या होत्या. दुसरी म्हणजे माझी पुण्याची मैत्रीण, एका बँकेत हिशेब बघणारी. खाली घरमालकीण काकू आणि काका राहायचे. मूळचे दादरचे, काका गॅस कंपनीत, काकू गेली वीस-बावीस वर्षं इथल्या मराठी बायकांच्या बिनविरोध अध्यक्ष.

आम्ही दोघींनी आल्या आल्या एक ठराव केला. शुक्रवारी घरी जेवायचं नाही, मॉलमध्ये जायचं नाही आणि डोसा कुठेही खायचा नाही. परदेशात येऊन आपल्याच लोकांच्या हॉटेलात आपलंच खाणं शोधत फिरणं मला लाजिरवाणं वाटायचं. ज्यांच्या गावात राहतो त्यांचं अन्न खावं, त्यांच्या रस्त्यावर चालावं.

म्हणून आम्ही चाललो. मेट्रोने कुठल्याही स्टेशनवर उतरायचं आणि नाक जिकडे नेईल तिकडे जायचं. टपरीसमोर गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असायची. आम्ही चालत जाऊन वेलदोड्याचा, दाट, तपकिरी करक चहा कागदी पेल्यात घ्यायचो. गाडीतली माणसं आमच्याकडे असं बघायची जणू आम्ही घोड्यावरून आलो आहोत. कॉर्निशला, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याला लागून, जुन्या लाकडी होड्या डोलत असायच्या आणि पलीकडे माझ्या ऑफिसचे काचेचे मनोरे. एका छोट्या खाणावळीत जमिनीवर बसून मचबूस खाल्लं: परातीएवढ्या ताटात मसालेदार भात, वर मासा, आणि सगळ्यांनी त्याच ताटातून हाताने जेवायचं. मैत्रीण शाकाहारी. तिने भाताच्या एका कडेला बोटाने रेघ मारून सांगितलं, "ही माझी हद्द. मासा इकडे आला तर लढाई." अंडं मात्र ती खायची, फक्त प्रवासात.

"पण आपण तर इथे राहतो," मी म्हणाले.

"व्हिसावर आहोत की नाही? मग हा प्रवासच."

त्या सबबीखाली तिने बलालीत नावाचा पदार्थही खाल्ला. साखर, केशर घातलेल्या शेवया आणि त्यांच्यावर चक्क ऑम्लेट. पहिल्या घासाला म्हणाली, "शेवयांच्या खिरीवर अंडं फोडायचं कोणाला सुचलं असेल?" आणि शेवटच्या घासाला म्हणाली, "सुचलं ते बरंच झालं."

त्याच हिवाळ्यात कॉर्निशजवळच्या मोकळ्या जागेत खाण्याचा मेळा भरला. इथल्याच बायका घरचे पदार्थ करून विकायच्या. त्यातल्या एका म्हातारीपुढे आमचे पाय थांबले ते थांबलेच. तोंडावर जुन्या पद्धतीचा सोनेरी चकाकीचा मुखवटा, समोर गोल लोखंडी तवा. डाव्या हाताने ती ओल्या कणकेचा गोळा उचलायची आणि तापल्या तव्यावर नुसत्या तळहाताने फिरवायची. गोळा पुढे जायचा, मागे कागदाहून पातळ पापुद्रा राहायचा. मग त्यावर अंडं किंवा चीज, एक घडी, आणि हातात कुरकुरीत रगाग. आजूबाजूचे सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. तिला बाजारातलं हिंदी यायचं. "खाओ, खाओ, तुम लकडी माफिक है," असं ती मला दर खेपेला सांगायची.

मी तो तवा बघत होते आणि मला आमची गल्ली आठवत होती. आमच्या गल्लीत मांडे करणारी एक बाई होती. लग्नकार्यात तिला लांबलांबून बोलावणं यायचं. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत वाढवायची, कोपरापर्यंत आणायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. आणि तो मुलगा त्या वेळी दोह्यातच होता, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर बिरकत अल अवामेरमध्ये, कामगारांच्या वस्तीत. इलेक्ट्रिशियन. एका स्टेडियमच्या दिव्यांचं काम त्याच्या हातून चाललं होतं.

मी तिथूनच त्याला फोन लावला. "अरे, तुझ्या आईच्या मांड्याची बहीण सापडली."

तो म्हणाला, "काय सांगतीस? खरंच हातावरची हाये?"

तेव्हा त्याने सांगितलं. चार वर्षं झाली होती त्याला इथे. सकाळी अंधारात बस, दिवसभर साइट, संध्याकाळी बस, मेसमध्ये डाळभात. सुट्टी शुक्रवारी, ती कपडे धुण्यात आणि झोपेत. काम संपत आलं होतं आणि महिनाअखेरीला तो कायमचा घरी चालला होता. आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, तिकडची माणसं काय खातात, भाकरी कशी करतात. जिचं सगळं आयुष्य तव्यापुढे गेलं तिने दुसरं काय विचारावं? आणि याच्याकडे उत्तर नव्हतं. "मागच्या खेपेला म्हणली, चार वर्सं काय डोळे बांधून राहिला का रं?" मग शाळेतल्या नावाने मला हाक मारून म्हणाला, "पत्रकवाले, जायच्या आधी मला एकदा ती भाकर खायचीये. आन आईला दाखवायचीये. ती बाई, तिचा हात, सगळं."

"पुढच्या शुक्रवारी ये," मी म्हणाले. "यल्ला!"

पुढच्या शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा निळा शर्ट, केसाला तेल, अंगाला कोणाच्या तरी अत्तराचा भपका. मैत्रीण त्याला पहिल्यांदाच भेटत होती. तिने शिंकून स्वागत केलं. आम्ही तिघं फाटकाशी गेलो. रखवालदार आफ्रिकेतला एक तरुण होता, आवाज अगदी मऊ. शुक्रवारी मेळा फक्त फॅमिलीसाठी असतो, एकट्या पुरुषांना इतर दिवशी या, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. मग आम्हा दोघींकडे बघून त्याने स्वतःच दार किलकिलं केलं. "ही तुमची फॅमिली आहे ना?"

मैत्रिणीने "येस" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही मित्र आहोत."

रखवालदाराच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दुःखच म्हणेन. दार मिटलं. मग मी बोलले. इतर दिवशी या म्हणजे काय? याला सुट्टी शुक्रवारीच असते. ज्यांनी हे शहर बांधलं त्यांना सुट्टीच्या दिवशी शहरात जागा नाही, हा कुठला न्याय? पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा. मागे रांग वाढली. बाबागाड्या थांबल्या. तो रखवालदार बिचारा स्वतःही एकटाच राहणारा. नियम त्याने केला नव्हता, पण मोडला असता तर नोकरी त्याची गेली असती. आतून तव्याचा वास येत होता. पन्नासेक पावलांवर ती म्हातारी गोळा फिरवत होती, आणि माझ्या मित्राला ती दिसतही होती.

त्याने माझा दंड धरला. "चल. खलास."

कॉर्निशच्या कठड्यावर आम्ही तिघं बसलो. मैत्रीण म्हणाली, "नवरा आहे म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"खोटं का बोलायचं? मित्र असणं गुन्हा आहे?"

"तुझ्या सत्याला भूक लागत नाही का गं?"

"आन मलाबी विचारा की," तो म्हणाला. "असली बायको मला झेपंल का?" आम्ही हसलो. मग तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तुझं भाषण चांगलं झालं. माझी भाकर राहिली."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. फाटकावर जे बोलले त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. खोटं नातं सांगून आत जायचं म्हणजे माणसाने एकट्याने येऊ नये हा नियम कबूल करायचा. पण पत्रकं छापणाऱ्या माझ्या आईचं एक म्हणणं होतं: निषेध सकाळी, स्वयंपाक दुपारी, दोन्ही झाले पाहिजेत. माझा निषेध झाला होता. स्वयंपाक बाकी होता.

खाली काकू तिळाचे लाडू वळत बसल्या होत्या. संक्रांतीच्या पुढच्या शुक्रवारी त्यांचं हळदीकुंकू असायचं. साठ-सत्तर बायका, नऊवाऱ्या, पैठण्या, वाणात स्टीलच्या वाट्या, आणि नवऱ्यांची रवानगी क्रिकेटला. फाटकावर काका स्वतः उभे राहून पुरुषांना परत पाठवायचे. मी या हळदीकुंकवाला आजवर गेले नव्हते. ज्या समारंभात सवाष्ण नसलेल्या बाईला बोलावणं नाही, तिथे मला जायचं नव्हतं, आणि हे मी काकूंना पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

आम्ही दोघी टेबलाशी लाडू वळायला बसलो आणि मी फाटकावरचं सगळं सांगितलं. काकू हळहळल्या. "काय गं बाई हे! भाकरीसाठी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं? आपल्यात दारी आलेला कुणी असा गेलाय का?"

"तुमच्या फाटकावरून जातातच की, काकू. दर वर्षी. काका पाठवतात."

काकूंचा हात थांबला. मैत्रिणीने टेबलाखालून मला लाथ मारली.

"ते वेगळं," काकू म्हणाल्या.

"कसं वेगळं? तिथे बाई बरोबर असल्याशिवाय आत नाही. इथे पुरुषाला आत नाही, आणि नवरा नसलेल्या बाईलाही नाही."

"तुझी क्रांती जेवणाआधी असते की नंतर, ते एकदा ठरवून टाक," काकू म्हणाल्या, आणि परात उचलून आत गेल्या. मला वाटलं, खोली रिकामी करावी लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर त्या फाटकात उभ्या. वळून न बघता म्हणाल्या, "आपल्याकडे एखादी हळदीकुंकवाला येऊ शकली नाही तर आपण काय करतो?"

"वाण घरी पाठवतो."

"मग? तो मुलगा भाकरीपर्यंत जाऊ शकत नाही, तर भाकर इथे येऊ दे. त्या तुझ्या म्हातारीला विचार, घरची ऑर्डर घेते का. याच शुक्रवारी. आणि त्या मुलाबरोबर खोलीत कोण कोण राहतं, त्यांनाही सांग."

"याच शुक्रवारी? हळदीकुंकू आहे ना?"

"आहे. मला दोनदा घर आवरायला सांगू नकोस."

त्या संध्याकाळी मी खालाकडे धावले. तिने सगळं ऐकलं, मुखवटा जरा वर करून कपाळ पुसलं आणि विचारलं, "वो लडका, उसका माँ भी रोटी बनाती?" मी हो म्हणाले. "मैं आएगा," ती म्हणाली. "इन्शाल्ला." मजुरी आम्ही आधीच ठरवली; पाहुणचाराच्या नावाखाली बाईचे कष्ट फुकट घेणं आमच्या कुठल्याच पत्रकात बसलं नसतं. ती हसली. अशी घासाघीस तिने पहिल्यांदाच पाहिली असणार, ज्यात गिऱ्हाईकच भाव वाढवतं.

मित्राला फोन केला तर त्याचा विश्वास बसेना. "हळदीकुंकवाला? मी? तिकडं बाईशिवाय आत घेईनात, आन इकडं बायांच्यात बाप्या? मला मधल्या मधी मारताल तुम्ही."

"शर्ट तोच घाल," मी म्हणाले. "अत्तर नको."

शुक्रवार उजाडला. काकूंनी फोन करकरून बायकांना कळवलं होतं की या वर्षी सगळ्याच बायकांना बोलावणं आहे, सवाष्ण असो नसो. आणि नवऱ्यांनी क्रिकेट खेळून भुकेने इकडेच यावं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. त्याच सगळ्यांत आधी आल्या, काय चाललंय ते बघायला. खाली पुण्याची, नाशिकची, कोकणातली मराठी एकमेकींत मिसळून गलका झाला होता. मुलं इंग्रजीतून लाडू मागत होती. आणि काकूंच्या हळदीकुंकवात कधी पाऊल न ठेवलेली मी, दारात उभी राहून हळदीकुंकू लावत होते. आमच्या शेजारची एक नर्स, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दाराशी घुटमळली. काकू पुढे झाल्या, तिच्या कपाळाला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास." उशीर नेमका कोणी केला, ते त्यांनी सांगितलं नाही. ती बाई आत गेली. मी तबक सावरलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

खाला आली ती मुलाच्या पिकअपमधून, तवा मांडीवर घेऊन. राणीसारखी उतरली. काकूंनी तिला फूल दिलं, तिळगूळ दिला, वाणाची वाटी दिली. तिने वाटी उलटसुलट करून पाहिली आणि पिठात बुडवून मापाला घेतली. अंगणात जांभळ्या बोगनवेलीखाली तिचा तवा मांडला गेला. बायका गोल करून बसल्या. पहिला गोळा तव्यावर फिरला तेव्हा पैठणीतल्या साठ बायका एकदम "अगं बाई!" म्हणाल्या, आणि खाला मुखवट्याआड खुदकन हसली.

तेवढ्यात वस्तीवरून मुलांना आणायला गेलेल्या काकांची मोठी गाडी फाटकाशी थांबली. मागच्या सीटवरून माझा मित्र उतरला, आणि त्याच्या खोलीतले इतर चौघं: एक बीडचा, एक रत्नागिरीचा, दोघं नेपाळी. पाचही जण फाटकाच्या बाहेरच उभे राहिले. काका नेहमीच्या सवयीने फाटकात जाऊन उभे राहिले होते.

"अहो, बाजूला व्हा," काकू ओरडल्या. "तुम्ही वाट अडवलीत."

काका बाजूला झाले. पाच जण आत आले. बस, एवढंच झालं. कोणी कागद मागितला नाही, कोणी नातं विचारलं नाही. मी आयुष्यात इतके मोर्चे पाहिले आहेत, त्यातले जिंकलेले बोटांवर मोजावेत. हा त्यातला एक, आणि त्यात एकही घोषणा नव्हती.

मित्र तव्यासमोर उकिडवा बसला. खालाच्या हाताकडे बघत राहिला. मग फोन काढून आईला लावला. पलीकडे ती स्वयंपाकघरातच होती. त्याने पडदा तव्याकडे वळवला.

"ही बघ. ही इथली भाकर."

पलीकडून ती म्हणाली, "हात भाजत नाही का रं हिचा?"

मी खालाला सांगितलं. तिने तळहात उघडून फोनसमोर धरला. मित्राच्या आईने पलीकडून आपला धरला. मग तिने फोन डब्याला टेकवून ठेवला, मागे सरली आणि रिकाम्या हवेत मांडा झुलवून दाखवू लागली. या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, आणि अलगद खाली. खाला तवा विसरून बघत होती. मग तिनेही हवेत गोळा फिरवून दाखवला. दोघी एकमेकींना हवा भाजून दाखवत होत्या आणि आम्ही सगळे वेड्यासारखे टाळ्या वाजवत होतो. तव्यावरची रगाग करपली. ती बीडच्याने खाल्ली, म्हणाला, "वाया कशाला?"

पुढची रगाग खालाने खास केली: अंडं, चीज, वर मध. घडी घालून तिने ती माझ्या मित्राच्या हातात ठेवली. माझी मैत्रीण म्हणाली, "थांब, फोटो!" पण तो थांबला नाही. डोळे मिटून त्याने घास घेतला, आणि कुर्रर्र आवाज फाटकापर्यंत गेला.

मेळ्याचा नियम दुसऱ्या दिवशी बदलला नाही. मी त्याविरुद्ध तेव्हाही होते, आजही आहे, आणि जिथे लिहायला मिळतं तिथे लिहिते. पण त्या नियमाला त्या शुक्रवारी कॉर्निशवर एकटंच उभं राहावं लागलं. शहर इकडे आलं होतं, आमच्या अंगणात. काकूंनी संध्याकाळी दोन रगाग फॉइलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "त्या रखवालदाराला नेऊन दे. तोही येऊ शकला नाही." मी मेट्रोने जाऊन दिल्या. त्याने आधी ओळखलं आणि घाबरला. बहुतेक त्याला चौथा मुद्दा येतोय असं वाटलं. मग वास आला आणि तो हसला.

पण हे नंतरचं. त्या क्षणी अंगणात सगळे माझ्या मित्राकडे बघत होते. फोनमध्ये त्याची आई डोळे बारीक करून, नाक जवळजवळ पडद्याला लावून विचारत होती, "कशी लागती? सांग ना. जाड हाये का? मीठ घालत्यात का त्यात? अरे बोल की, मुक्या!"

चार वर्षांनी त्याच्याकडे उत्तर होतं. पण तोंड भरलेलं होतं. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"थांब आई," तो घास फिरवत म्हणाला. "आधी खाऊ दे."